जूनोच्या रात्रीचं रेकॉर्डिंग जपून ठेवताना

डिस्क सापडली ती कपाटात, जुन्या पासबुकांच्या खाली. वर माझ्याच अक्षरात चिकटवलेला कागद: 'जूनो, ९-१० ऑक्टो.' संगणकाला जोडली तर आतून टक्‌टक्‌ असा आवाज यायला लागला. हा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. मी लगेच वायर काढली, डिस्क टेबलावर ठेवली आणि पंचवटीत काकांना फोन केला. "काका, आपलं जूनोचं रेकॉर्डिंग आहे अजून. पण डिस्क मरायला टेकलीये." ते म्हणाले, "अगं, मग हात लावू नकोस. आधी विचार कर."

आधी त्या रात्रीबद्दल सांगते. ९ ऑक्टोबर २०१३. नवरात्र चालू होतं, कालिकामातेच्या यात्रेची गर्दी होती. ५ ऑगस्ट २०११ ला निघालेलं जूनो यान गुरूकडे जाण्याआधी पृथ्वीजवळून जाणार होतं. रॉकेटनं दिलेला वेग गुरूपर्यंत पुरणारा नव्हता, म्हणून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा झोका घेऊन सेकंदाला सुमारे ७.३ किलोमीटरची भर घालायची होती. सगळ्यात जवळ येताना ते दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ फक्त ५५९ किलोमीटर उंचीवर होतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती.

यानावर 'वेव्हज' नावाचं उपकरण आहे. गुरूच्या रेडिओ लहरी ऐकण्यासाठी ते बनवलंय आणि ४१ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतं. हौशी रेडिओवाल्यांचा दहा मीटरचा पट्टा, म्हणजे २८ मेगाहर्ट्झ, त्याच्या टप्प्यात बसतो. म्हणून जगभरच्या हॅम मंडळींना, म्हणजे याच हौशी रेडिओवाल्यांना, आवाहन केलं होतं: सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी, मोर्समध्ये 'हाय' म्हणा. मात्र अतिशय सावकाश. एक डिट, म्हणजे मोर्सचं टिंब, तीस सेकंदांचा. 'एच'चे चार डिट, 'आय'चे दोन. डिटांमध्ये तीस सेकंद मोकळे, दोन अक्षरांमध्ये दीड मिनिट, शब्द संपल्यावर साडेतीन मिनिटं. बेरीज केली तर बरोबर दहा मिनिटं होतात. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, १८:०० ते २०:४०, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते दोन दहा, सोळा वेळा तेच. पुढे या तीस सेकंदांनीच मला तारलं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

काका पंचवटीतल्या घरून मोर्सची की (बटण) दाबून 'हाय' पाठवणार होते. मी नाशिकरोडला गच्चीवर वायरचा डायपोल अँटेना बांधून आरटीएल-एसडीआर लावला होता. टीव्ही बघण्यासाठी निघालेलं हे स्वस्तातलं डोंगल रेडिओ रिसीव्हर म्हणून वापरता येतं, हे कळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आवाज रेकॉर्ड करायचा नाही, पट्ट्याचे कच्चे नमुनेच, म्हणजे अँटेनावर आलेल्या लहरींचे न उलगडलेले आकडे, साठवायचे, असं मी ठरवलं होतं. सेकंदाला १०,२४,००० नमुने, प्रत्येकाचे दोन बाइट. रात्रभरात १९.७ जीबी. त्यानंतर बारा वर्षं मी ते उघडून पाहिलं नाही.

काका म्हणाले तसा विचार केला. मरत्या डिस्कवरून फाइल कॉपी-पेस्ट करणं ही सगळ्यात वाईट युक्ती. खराब जागा आली की यंत्रणा तिथेच अडून पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि डिस्कचा उरलासुरला जीव जातो. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो आधी चांगला भाग पटापट उचलतो, नंतर अडलेल्या जागांकडे परत येतो, आणि काय मिळालं, काय नाही, याचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवतो. दोन रात्री लागल्या. पाचपैकी चार फाइली पूर्ण आल्या. तिसऱ्या फाइलीत तीन मेगाबाइटच्या आसपास जागा मेली होती, म्हणजे साधारण दीड सेकंद.

इथे पहिला मोह झाला. न वाचलेल्या जागी डीडीरेस्क्यूच्या प्रतीत शून्यं राहतात. या डोंगलच्या नमुन्यांत शांतता शून्यावर नसते, ० ते २५५ च्या मध्यावर, १२७-१२८ च्या आसपास असते. त्यामुळे शून्यं म्हणजे शांतता नव्हे, उलट टोकाचा धक्का. वॉटरफॉलवर, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल होता ते दाखवणाऱ्या चित्रावर, तिथे पट्टाभर उभी पांढरी रेघ दिसते. १२८ भरून ती पुसणं मिनिटाचं काम होतं आणि चित्र देखणं झालं असतं. पण उद्या कुणी नॉइजचं मोजमाप करायला बसलं तर ती खोटी शांतता त्याला खरी वाटेल. रेघ तशीच ठेवली. कुठल्या नमुन्यापासून कुठल्या नमुन्यापर्यंत ती आहे, ते नोंदीत लिहिलं.

हे इतकं जिवाला का लावून घ्यायचं, असं घरी विचारलं गेलं. मी पायोनियरची गोष्ट सांगितली. पायोनियर १० आणि ११ ही यानं हिशेबापेक्षा किंचित जास्त मंदावत होती. वर्षानुवर्षं कारण सापडेना, गुरुत्वाकर्षणाचे नियम बदलावे लागतील का इथपर्यंत चर्चा गेली. शेवटी जुन्या टेपांवरची, टाकून दिली जाण्याच्या बेतात असलेली डॉप्लरची (वेगामुळे लहरीच्या सुरात होणाऱ्या बदलाची) आणि टेलिमेट्रीची (यानानं स्वतःच्या स्थितीबद्दल पाठवलेली) माहिती माणसांनी हातानं वाचवली, आणि २०१२ मध्ये उत्तर आलं: यानाची स्वतःची उष्णता एका दिशेला जास्त बाहेर पडत होती, तिचाच तो धक्का. पृथ्वीजवळून जाणाऱ्या यानांचंही असंच एक कोडं आहे. गॅलिलिओ यान ८ डिसेंबर १९९० ला गेलं तेव्हा सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटर, निअर यान २३ जानेवारी १९९८ ला गेलं तेव्हा सुमारे १३ मिलिमीटर वेग जास्त भरला. जूनोच्या वेळी तसं काही दिसलं नाही. हे मिलिमीटर कळतात ते यानाच्या रेडिओ लहरीच्या सुरातल्या बदलावरून, आणि तो बदल अब्जावधी हर्ट्झमध्ये एका हर्ट्झहूनही कमी असतो. रेडिओ सायन्समध्ये यानाचा सिग्नल हाच प्रयोग असतो. म्हणून नासाच्या गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या अँटेना उलगडलेल्या माहितीबरोबर कच्चे नमुनेही टिपून ठेवतात. माझ्या रेकॉर्डिंगची त्यांच्याशी तुलना नाही, माझ्याकडे यानाचा सिग्नलच नव्हता. पण शिस्त तीच लागते, आणि ती शिकण्यासाठी मी नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममधल्या वेव्हजच्या माहितीची लेबलं एकेक ओळ वाचली. प्रत्येक फाइलीला सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, आणि ती वेळ कुठल्या घड्याळाची, हे तिथे दिलेलं असतं.

आणि मी अडकले ती घड्याळावरच.

डिस्क फॅट ३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली होती. तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. म्हणून त्या रात्री मी दर तेहतीस मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबवून नवीन फाइल सुरू करत होते. प्रत्येक जोडावर दहा-पंधरा सेकंद गेले. चौथ्या फाइलीच्या वेळी मला डुलकी लागली, फाइल मर्यादेला जाऊन आपोआप थांबली आणि साडेतीन मिनिटं हातची गेली. फॅट ३२ वर फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या पायऱ्यांत आणि स्थानिक वेळेत लिहिली जाते. टाइम झोनची नोंदच नसते. लॅपटॉपचं घड्याळ किती चुकत होतं, ते मी तेव्हा लिहून ठेवलं नव्हतं. कुठल्याही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घ्यायची ती पहिली नोंद, आणि तीच मी घेतली नव्हती.

सुटका केली ती काकांच्या डिटांनी. काका यूटीसीला लावलेलं घड्याळ समोर ठेवून की दाबत होते. प्रत्येक डिट मिनिटाच्या ठोक्यावर सुरू, अर्ध्या मिनिटावर बंद. वॉटरफॉलवर त्यांची रेघ स्पष्ट दिसते. चार तुकडे, मोठी फट, दोन तुकडे, त्याहून मोठी फट. हा नमुना दहा मिनिटांत एकदाच जुळतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. पाचही फाइलींमधल्या सगळ्या कडा मोजल्या, कागदावर मांडल्या. लॅपटॉप १ मिनिट ४७ सेकंद मागे होता, आणि पाचही फाइलींत तोच फरक निघाला, दोन सेकंदांच्या आत. तो कागद मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. तरी काकांचा हात आहे, यंत्र नाही. म्हणून नोंदीत लिहिलं: वेळेची अचूकता अधिक-उणे २ सेकंद, आधार हातानं दाबलेली की.

तारखेचं एक निराळंच. काकांच्या वहीत बारानंतरच्या नोंदींवर १० तारीख, यूटीसीप्रमाणे अख्खी रात्र ९ चीच. फाइलींची नावं यूटीसीनं दिली आणि वहीतली मूळ वेळ शेजारी तशीच ठेवली.

फ्रिक्वेन्सीचं त्यामानानं लवकर उरकलं. काकांच्या रिगवरचा (रेडिओ संचावरचा) आकडा वहीत होता. माझ्याकडे त्यांची रेघ त्याहून सुमारे १३०० हर्ट्झ वर दिसत होती. २८ मेगाहर्ट्झला हे दहा लाखांत ४६ भाग होतात, त्या काळच्या डोंगलच्या क्रिस्टलची चूक एवढी असायचीच. पहिल्या वीस मिनिटांत डोंगल तापत जाताना रेघ आणखी थोडी सरकते. नमुने हलवून ती दुरुस्त करता येते. केली नाही, आकडा लिहिला.

मग सिगएमएफच्या, म्हणजे रेडिओ रेकॉर्डिंगची माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, नोंदी. प्रत्येक कच्च्या फाइलीबरोबर एक छोटी मजकुराची फाइल: नमुन्यांचा प्रकार, दर, मधली फ्रिक्वेन्सी, सुरुवातीची वेळ, अँटेना, आणि एसएचए-५१२ चेकसम. चेकसम म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. तीन प्रती केल्या: एक माझ्याकडे, एक काकांकडे, एक सर्न चालवतं त्या झेनोडो या ऑनलाइन भांडारात. काकांकडे नेलेल्या पेनड्राइव्हवर दुसऱ्या फाइलीचा ठसा जुळला नाही. कॉपी करताना कसलीही चूक दाखवली नव्हती, फाइलीचा आकारही बरोबर होता. पेनड्राइव्ह बदलला. भांडारात चढवताना मध्येच नेट जायचं आणि अर्धी चढलेली फाइल पहिल्यापासून चढवावी लागायची. शेवटी सगळं पहाटे चार ते सहाच्या दरम्यान केलं. चढवून झाल्यावर सगळं परत उतरवून घेतलं आणि पाचही ठसे पुन्हा ताडून पाहिले. हा टप्पा लोक गाळतात. गाळू नका.

या रेकॉर्डिंगमध्ये आहे काय, असं कुणी विचारलं तर काकांचे डिट सोडून बहुतेक नॉइजच आहे. सुरुवातीच्या अर्ध्या तासात दूरच्या दोन-तीन क्षीण रेघा दिसतात, मग त्याही जातात. रात्री आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, विरळ होत जातो, २८ मेगाहर्ट्झच्या लहरी जमिनीकडे परतवण्याइतका दाट राहत नाही. लहरी वर निघून जातात, आणि त्या रात्री त्या वरच जायला हव्या होत्या. जूनो त्यानंतर सेफ मोडमध्ये, म्हणजे गडबड झाल्यावर फक्त गरजेपुरतं चालणाऱ्या स्थितीत, गेलं, त्यातून सावरलं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झालं की वेव्हजच्या माहितीत 'हाय' दिसलंय. हजाराहून जास्त जणांची ती एकत्र हाक होती. त्यात पंचवटी वेगळी काढता येत नाही. मला मात्र त्या नॉइजचंच अप्रूप वाटतं. त्याच गच्चीवर, तोच डायपोल, तेच डोंगल, तोच गेन ठेवून मी यंदा पुन्हा एक रात्र टिपली. एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या सप्लायच्या रेघांनी पट्टा भरून गेलाय. २०१३ ची रेडिओतली शांत नाशिकरोड आता फक्त त्या पाच फाइलींत उरलीये.

सगळं प्रकाशित केल्यावर लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. चष्मा पुसून त्यांनी वॉटरफॉलवर बोट ठेवत डिट मोजायला सुरुवात केली, तोंडानं हळूच आवाज करत. अकराव्या फेरीत बोट थांबलं. 'आय'चा दुसरा डिट अर्ध्यात तुटलेला, मध्ये सातेक सेकंद काहीच नाही, मग उरलेला तुकडा. मी तो पाहिला होता. माझ्याच बाजूनं काही नमुने गळाले असावेत असं समजून नोंदीत 'कारण: रिसीव्हर, बहुधा' असं लिहून मोकळी झाले होते.

काका काही न बोलता उठले आणि आतून वही घेऊन आले. १० ऑक्टोबरच्या पानावर, निळ्या पेननं, घाईघाईत: '१:१६ लाइट गेली. रिग बॅटरीवर घेतली.'

भांडारात प्रकाशित झालेल्या फाइलींत दुरुस्ती करायची तर नवी आवृत्ती काढतात. त्याच संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी बसून दुसरी आवृत्ती काढली. वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला. काकांनी स्वतः वाचून पाहिलं आणि माझी 'बहुधा'ची ओळ खोडायला लावली.