गाण्याचा तास वेळापत्रकात हवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. आठवणी पुष्कळ आहेत. पण मी स्वतः गाणं शिकवते, म्हणून आज गांबिया या आफ्रिकी देशातल्या एका गायिकेबद्दल लिहिते. आमच्या गाण्याच्या बाईंना ती फार आवडली असती.

सोना जोबार्ते. जन्म 1983 चा, लंडनमधला. घराणं मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंका समाजातल्या गायकांचं. आपल्याकडे गोंधळ्यांनी कुळांची गाणी सांभाळली, तशी तिकडे राजांच्या कथा आणि वंशावळी ‘जाली’ घराण्यांनी तोंडपाठ ठेवल्या. त्यांचं वाद्य कोरा: अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं, 21 तारा, आणि वाजवायचं दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी व तर्जन्यांनी. परंपरेने कोरा बापाकडून मुलाकडे जायचा. बायकांनी गायचं, कोरा वाजवायचा नाही. सोना आधी भावाकडे, मग वडिलांकडे शिकली आणि कोरा वाजवतच रंगमंचावर गाऊ लागली. लंडनमध्ये तिने चेलो, पियानोचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तरी 2011 च्या ‘फासिया’ या संग्रहात ती गायली मांडिंका भाषेत.

मला तिच्या गाण्याइतकंच तिच्या शाळेचं मोल वाटतं. तिचे आजोबा अमादू बान्सांग जोबार्ते नावाजलेले कोरावादक. त्यांच्या नावाने 2015 मध्ये तिने गांबियात संगीतशाळा काढली. तीच आज ‘गांबिया अकॅडमी’ आहे. गांबिया 1965 मध्ये स्वतंत्र झाला, पण शिक्षणाचा साचा इंग्रजी राहिला. सोनाच्या शाळेत गणित, विज्ञानाच्या बरोबरीने कोरा, नृत्य आणि आपला इतिहास शिकवतात. परंपरा तिथे पाहुण्यांसमोर सादर करण्यापुरती नाही, ती रोजच्या अभ्यासात आहे.

आमच्या बाई हेच करत होत्या. स्नेहसंमेलन जवळ नसतानाही त्या जात्यावरच्या ओव्या म्हणून घ्यायच्या. एकदा वर्गातल्या एका मुलीच्या आजीला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः आमच्यात खाली बसून ओवी उतरवून घेतली. आजी आधी लाजली, मग थांबेचना! त्या मुलीची मान त्या दिवशी किती ताठ झाली होती!

महोत्सवाच्या निधीतून सभागृह बांधायचं ठरतंय असं कळलं. जरूर बांधा. पण त्यातला थोडा भाग गावातल्या ओव्या गाणाऱ्या आज्या, भारूड म्हणणारे, पोवाडा गाणारे यांच्या मानधनासाठी राखून ठेवा आणि आठवड्याला त्यांचा एक तास वेळापत्रकात लावा. माझा वाटा मी त्यासाठीच पाठवते आहे.