आजोबांची दुर्बीण आणि पुसलेलं साल

माळ्यावरची ट्रंक खाली काढली ती गोधड्यांना ऊन दाखवायला. तळाशी चामड्याची एक काळपट पेटी निघाली. पट्टा हातात धरला तर तुकडाच पडला. आत आजोबांची दुर्बीण.

आमच्या फैजपूरच्या घरात तिची एकच गोष्ट सांगायचे, की आजोबांनी ती लढाईतून आणली. आजोबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. त्यांनी हातात धरली ती हिरवी झेंडी, बंदूक नव्हे. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी गोष्ट चालू होती. शेवटी आत्याला विचारलं. "डिस्पोजलच्या मालातून घेतली व्हती त्याहिनं," ती म्हणाली. "कोनाले हात लावू देत नव्हते." महायुद्ध संपल्यावर लष्कराचं उरलंसुरलं सामान विकायला निघालं, त्यातली असणार.

वरच्या पट्टीवरची धूळ पुसली आणि बारीक कोरलेली अक्षरं दिसली. बायनो प्रिझम, नंबर 2, एमके 2, टेलर-हॉब्सन, 1942. शेजारी तीन रेघांचा छोटा बाण, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. टेलर-हॉब्सन ही लेस्टरची भिंगं करणारी कंपनी. दुर्बीण 6 बाय 30 ची, म्हणजे सहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 30 मिलिमीटरचं. काळा रंग कडांना उडाला होता, तिथून पितळ डोकावत होतं. मी त्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. ते किती बरं केलं, हे नंतर कळलं.

डोळ्याला लावली तर नुसतं दुधासारखं धुकं. उजेडाकडे धरल्यावर भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. बुरशी. मे महिन्यात रस्त्याचं डांबर पातळ होतं अशा आमच्या मुलखात बुरशी आली कुठून? जळगावला कॅमेरे दुरुस्त करणारे एक जुने मास्तर आहेत, त्यांनी हसत पेटीकडे बोट दाखवलं. चामडं पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं आणि बंद पेटीत ती भिंगांना देतं. म्हणजे जिच्यात जपून ठेवली तिनेच घात केला.

पहिले दोन दिवस काहीच उघडलं नाही. आटे फिरावेत म्हणून घातलेलं ग्रीस इतक्या वर्षांत वाळलेल्या काकवीसारखं घट्ट झालं होतं. मास्तर थेंबथेंब तेल सोडायचे, किंचित ऊब द्यायचे आणि ठेवून द्यायचे. मी विचारलं, "पान्याने नाही का निघणार?" ते म्हणाले, "निघेल. मग परत बसणार नाही."

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. आतून काचेचे चार प्रिझम निघाले. भिंगातून येणारं चित्र उलटं असतं, ते सुलटं करायचं काम या जोड्यांचं. ही रचना इटलीच्या पोरो नावाच्या माणसाने 1854 मध्ये पेटंट केली, आणि दुर्बिणीचा तो बाहेर फुगलेला खांदा तिच्यामुळेच येतो. काढण्याआधी मास्तरांनी प्रत्येक प्रिझमवर शिसपेन्सिलीने खूण केली. डावा कुठला, वरचा कुठला, तोंड कुणीकडे. पुढच्या भिंगाला मात्र त्यांनी स्पिरिटचा भिजलेला बोळा लावू दिला नाही. ते दोन काचा कॅनडा बाल्सम या झाडाच्या पारदर्शक राळेने चिकटवून केलेलं असतं. कडेतून स्पिरिट आत शिरलं की जोड सुटायला लागतो. कापूस जेमतेम ओला, मधून बाहेर, एकच फेरा, आणि तो बोळा टाकून द्यायचा. एका भिंगावर बुरशीने काचच खाल्ली होती. तो डाग तसाच राहिला.

सगळं परत बसल्यावर समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली, तर टाक्या दोन दिसल्या, एकीला दुसरी चिकटलेली. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. पुढच्या भिंगाभोवती दोन कड्या असतात, भोक थोडं बाजूला असलेल्या. त्या एकमेकींवर फिरवल्या की भिंग केसभर सरकतं. दीड तास ते चाललं. मग टाकी एक झाली आणि उजव्या बाजूला बारीक मोजपट्टीच्या रेघा उमटल्या. तोफेचा गोळा लक्ष्याच्या किती बाजूला पडला, ते मोजायच्या. मी मोजलं ते टाकीच्या शिडीवरून उतरणाऱ्या माणसाला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दिवाणखान्यात ठेवायची म्हणजे चकाकली पाहिजे, हा हट्ट माझाच. पितळेला पॉलिश करणाऱ्या एका दुकानात दिली. "फक्त कडा, पट्टीला हात लावू नका," असं दोनदा बजावलं. संध्याकाळी घ्यायला गेलो तर दुर्बीण लग्नातल्या समईसारखी लखलखत होती आणि पट्टीही. बफच्या चाकाने बाण गेला, कंपनीचं अर्धं नाव गेलं, 1942 मधले 19 तेवढे चाचपून लागतात. दुकानदार म्हणाला, "साहेब, नव्यासारखी झाली ना!" भांडणार काय? हौस माझीच होती.

सुताराने जुन्या घराच्या सागवानी तुळईच्या तुकड्यातून तिवई करून दिली, चारशे रुपयांत. पेटी आता वेगळी असते. दुर्बीण उघड्यावर ठेवतो, पण खिडकीपासून लांब, कारण ऊन भिंगातून पडलं तर पडदाही पेटू शकतो.

दिवाळीत मेहुणे आले. त्यांच्याकडेही एक आहे, मुंबईहून आणलेली, चकचकीत, वर ठळक कोरलेलं 'केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन, 1917'. त्या नावाची कंपनी दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन झाली 1947 मध्ये. असा माल शोभेसाठी ढिगाने बनतो. कायद्याने पुरातन वस्तू ठरायला साधारण शंभर वर्षं लागतात, ती अट 1917 हा आकडा सहज पार करतो आणि आमची 1942 ची खरी दुर्बीण अजून करत नाही. हे सगळं त्यांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात त्यांनी आमची उचलली, उलटीसुलटी केली आणि पट्टीवरून अंगठा फिरवला.

"छान आहे. पण यावर तर सालच नाही हो. फसवलं तुम्हाला."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "त्याले मोबाईलमधला फोटू दाखव ना भो." मी फोन शोधायला आत गेलो.