चौथ्या रिपोर्टातलं सिलिकॉन सापडलं, पण दोन ठिकाणी

माझ्या गाडीच्या वापरलेल्या इंजिन ऑइलचा चौथा लॅब रिपोर्ट: सिलिकॉन 52 पीपीएम (दहा लाखात 52 भाग). मागच्या वेळी एवढी बोंब ठोकून मी गायब झालो, त्यानंतरचे तीन रविवार बॉनेटखाली गेले. गाडी तीच, रांजणगावात जन्मलेली फियाट पुंटो, मल्टिजेट डिझेल. ऑइलही तेच, 5डब्ल्यू-40. पहिल्या तीन रिपोर्टांत सिलिकॉन 11, 13, 12 असं शहाण्यासारखं बसलं होतं आणि चौथ्यात एकदम चौपट.

ऑइलमध्ये सिलिकॉन वाढलं की पहिला संशय आत शिरलेल्या धुळीवर. धूळच, असं मी धरून चाललो. रोज मेट्रोच्या कामातून हिंजवडीला जा-ये करणाऱ्या गाडीबद्दल दुसरं काय सुचणार? नवा एअर फिल्टर घातला, फिल्टर बसतो त्या कडेला आतल्या बाजूने बोटाने ग्रीस फिरवलं आणि आठवडाभर गाडी चालवली. कडेने धूळ शिरत असेल तर ग्रीसवर तिची रेघ उमटते. ग्रीस लोण्यासारखं स्वच्छ. मग क्लिपा बदलल्या, इंटरकूलरचे होज उतरवून आतून फडकं फिरवलं. टर्बोच्या पुढे गळती असली तर दाबाखालची हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही, हे होज उतरवून हात काळे झाल्यावर आठवलं.

शेवटी तळेगावच्या आपल्या ट्रॅक्टरवाल्या काकांनी एकच प्रश्न विचारला: "ॲल्युमिनियम किती आहे रे?"

5. आधीच्या रिपोर्टांत 4, 5, 5. आपल्या रस्त्यावरच्या मातीत सिलिकॉनच्या जोडीला ॲल्युमिनियम असतंच, त्यामुळे धूळ आत गेली तर दोन्ही आकडे हातात हात घालून वर जायला हवेत. शिवाय धूळ रिंगा आणि लायनर घासते, म्हणजे लोखंडही वाढतं. माझं लोखंड 29 वर गाढ झोपलेलं.

तेव्हा डोक्यात दिवा पेटला. जुलैत चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पाझरत होतं म्हणून उतरवलं होतं. बसवताना मिस्त्री अभिमानाने म्हणाला होता, "साहेब, भरपूर सिलिकॉन लावलंय, आता थेंब पडणार नाही." भरपूर सिलिकॉन! माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि मी तीन रविवार धूळ शोधतोय. ताजं आरटीव्ही, म्हणजे सांधा बंद करायची ती सिलिकॉनची पेस्ट, गरम ऑइलमध्ये काही काळ झिरपत राहतं. इंजिनाला त्याचा त्रास नाही, फक्त रिपोर्ट वाचणाऱ्याला. थेंब मात्र खरंच पडत नाही, त्याचं श्रेय मिस्त्रीला.

पण त्याच सुमारास मी आणखी एक शहाणपणा केला होता. सॅम्पल ओढायचा पंप महाग म्हणून सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली आणि तिला फिश टँकची नळी जोडून डिपस्टिकच्या भोकातून सॅम्पल ओढलं. ती नळी सिलिकॉनची. आणि सिरिंजचा दट्ट्या सरकावा म्हणून आतून जे वंगण लावलेलं असतं, तेही सिलिकॉनचंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं इथे सगळ्यांना ऐकवणारा मी, दोन बदलून बसलो.

म्हणून गेल्या शनिवारी 7,600 किमीवर ऑइल काढताना जोड-सॅम्पल घेतलं. कात्रजपर्यंत जाऊन इंजिन तापवलं, आधी सिरिंजने एक डबी भरली, मग चेंबरचा नट काढून पहिली धार सोडून दिली आणि मधल्या धारेखाली दुसरी डबी धरली. (डब्या मेडिकलमधल्या, लघवी तपासणीच्या. कोरड्या, सीलबंद, स्वस्त. आई अजून त्या फ्रिजजवळ ठेवू देत नाही.) दोन्ही स्वतः भोसरीच्या लॅबमध्ये नेऊन दिल्या, कारण ऑइल म्हटलं की कुरिअरवाला हात वर करतो.

काल रिपोर्ट आला. नटाखालची डबी 41, सिरिंजची 57. म्हणजे मोठा वाटा आरटीव्हीचा, आणि उरलेले 16 बहुधा माझ्या जुगाडाचे. दोन रिपोर्टांच्या पैशात ऑइलचा अख्खा डबा आला असता, पण एवढी शांत झोप डब्याने लागली नसती. ऑइल फिल्टरचा कागदही उलगडून घडीघडीवर चुंबक फिरवला, कारण मोठे कण लॅबच्या मशीनला दिसतच नाहीत. चुंबकाला काही चिकटलं नाही. तो कागद मी बायकोलाही दाखवला. ती "छान" म्हणाली.

आता इंटरवलचं, म्हणजे ऑइल किती चालल्यावर बदलायचं त्याचं. 12,000 किमीवर जायचा बेत मी मागे जाहीर केला होता, तो रद्द. टीबीएन (ॲसिड मारायची ऑइलची ताकद) नव्या ऑइलचा 10.1, गेल्या वर्षी कोल्हापूरच्या फेऱ्या होत्या तेव्हा 10,000 किमीवर 5.9 उरला होता, या वेळी 7,600 वरच 5.1. ट्रिप कॉम्प्युटरवर तेव्हाचा सरासरी वेग 41, आत्ताचा 19. तास काढा: तेव्हा इंजिन सुमारे 244 तास चाललं, आता 400. किलोमीटर कमी, तास दीडपटीहून जास्त. हिंजवडीच्या सिग्नलला उभ्या गाडीचा काटा हलत नाही, ऑइल मात्र शिजतच असतं. यापुढे 350 तास हा माझा आकडा, किलोमीटर काही का होईनात.

चेंबरला कायमचा ड्रेन व्हॉल्व्ह बसवायचा विचारही सोडला. आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर त्याला पहिल्याच दिवशी उपटेल. त्यापेक्षा हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप घ्यावा, त्यात ऑइल थेट डबीत जातं, दट्ट्याला शिवतच नाही. नाना पेठेत चौकशी केली तर तिथे मला ग्रीस गन दाखवली.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. डब्यात नवं ऑइल अर्धा लिटर उरलंय. एक सॅम्पल थेट डब्यातून, एक त्याच सिरिंज आणि नळीतून. नव्या ऑइलमध्येही फेस मारणाऱ्या ॲडिटिव्हचं थोडं सिलिकॉन असतं, तोही हिशोब त्यातच सुटेल. 16 खरंच सिरिंजचे का, हे सरळ कळेल. हे आधी का नाही केलं, कोणी विचारू नका. मेडिकल साडेनऊला बंद होतं, डब्या आणायला निघालो.