तो पोचला, मी अजून वाटेत

नोव्हेंबर २०२५, हॅम्बुर्ग

मंगळवार, रात्री

आज एकदाचे दिवे लागले. म्हणजे खरोखरचे, छताला. इथे भाड्याचं घर घेतलं की भिंती, हीटर आणि बाथरूम एवढंच मिळतं, बाकी आधीचा भाडेकरू सगळं काढून नेतो, दिवे नेतो, पडद्याचे रॉड नेतो, आणि खूपदा अख्खं किचनसुद्धा, सिंक आणि ओट्यासकट. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. आमच्या आधी इथे राहणाऱ्या मुलाला नव्या घरात किचन आयतं मिळालं होतं म्हणून त्याने जुनं आम्हाला विकलं, तेवढं एक नशीब. दिवे नव्हते तोवर एक टेबललॅम्प या खोलीतून त्या खोलीत फिरत होता आणि ज्याच्या हातात लॅम्प त्याच्या मागे दुसरा.

शहरातल्या बार्मबेक भागात घर मिळालंय, "दोन खोल्यांचं", म्हणजे हॉल आणि बेडरूम, किचन-बाथरूम इथे मोजणीत धरत नाहीत. डिपॉझिट तीन महिन्यांचं. कायद्याने त्याहून जास्त मागता येत नाही आणि तेही हीटिंग-पाणी वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पट, शिवाय तीन हप्त्यांत देता येतं. हे सगळं नवऱ्याने मला फार कौतुकाने वाचून दाखवलं. मी मनात शंभरने गुणत होते. ही गुणायची सवय कधी जाते कोण जाणे, पार्स्लीच्या जुडीलासुद्धा गुणते मी.

गुरुवार

रजिस्ट्रेशन झालं. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत सरकारी ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असा नियम आहे, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो की हो, ही माणसं माझ्याकडे राहतात. अपॉइंटमेंट जवळ मिळेना, पण शहरातल्या कुठल्याही भागातलं ऑफिस चालतं म्हणून आम्ही थेट बेर्गेडॉर्फला गेलो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. काम मात्र पटकन झालं. बाईंनी धर्म विचारला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो, मग कळलं की चर्चचा टॅक्स असतो, हॅम्बुर्गमध्ये इन्कम टॅक्सच्या नऊ टक्के, आणि तो चर्चच्या सभासदांकडून पगारातूनच कापतात, म्हणून विचारतात. बरं आहे बाबा, कारण आहे काहीतरी.

आमची आडनावं वेगळी. लग्नानंतर मी बदललं नाही. त्यामुळे लग्नाचा दाखला आणि त्याचं भाषांतर, तेही शपथ घेतलेल्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच केलेलं. बाईंनी ते नीट वाचलं, शिक्का मारला, दोघांना एकेक कागद दिला. त्या एका कागदावर इथे सगळं चालतं, बँक, इन्शुरन्स, फोन, सगळं. हा लगेच ऑफिसला पळाला. मी कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, एकटी परत आले आणि उगाचच खिडकीपाशी ऐटीत बसले होते.

सोमवार

हा सकाळी साडेसातला गेला. आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्याला लॅपटॉप, बॅज, खुर्ची, कॉफी कुठे मिळते ते दाखवणारा माणूस, बारा वाजता एकत्र जेवायला जाणारी टीम, सगळं मिळालं. मला मिळाली यादी. वीज, इंटरनेट (टेक्निशियन येईल, कधी ते पत्राने कळेल), इन्शुरन्सचा फॉर्म, लायब्ररीचं कार्ड.

तक्रार नाहीये ही, म्हणजे थोडी आहे. आम्ही एकाच विमानाने आलो, शेजारी शेजारी बसून, पण तो आल्या आल्या पोचला आणि मी अजून पोचतेय असं काहीतरी झालंय. त्याला इथला दिवस रेडीमेड मिळाला. मला माझा रोज सकाळी बसून शिवावा लागतो.

माझ्या व्हिसावर लिहिलंय की काम करायला परवानगी आहे. ब्लू कार्ड म्हणजे नवऱ्याला मिळालाय तो, शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथे हे चांगलं आहे, यायच्या आधी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या आल्या कुठलंही काम करता येतं. कुठलंही. फक्त माझं सोडून. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तो इथे परवाना लागणारा पेशा आहे, म्हणजे आधी डिग्रीची तपासणी, कुठल्या विषयाचे किती तास शिकलात, प्रॅक्टिकल किती केलं, ते इथल्या कोर्सशी ताडून बघणार, कमी पडलं तर पुरवणी ट्रेनिंग किंवा परीक्षा, आणि जर्मन बी-टू पर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पायरीपर्यंत. पेशंटला "दुखतंय का, कुठे, कसं" हे त्याच्या भाषेत विचारता आलंच पाहिजे, हे मला शंभर टक्के पटतं. पटतं म्हणून कमी लागतं असं नाही.

बुधवार

घरची वेळ साडेचार तास पुढे. आम्ही आलो तेव्हा साडेतीन होती, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि आई आणखी एक तास लांब गेली. सकाळी हा गेला की तिकडे दुपारचे बारा, तेव्हा ती कामात. दुपारी माझी कामं. आणि इथे साडेचारला अंधार पडतो, मला कुणाशीतरी बोलावंसं वाटायला लागतं ते साडेपाचच्या सुमाराला, तेव्हा तिकडे रात्रीचे दहा, ती झोपलेली. साडेपाच ते हा येईपर्यंतचा वेळ कुणाचाच नाही.

पाऊस. पाऊस पण कसा, पडतोय की नाही ते कळतच नाही, बाहेर जाऊन आलं की ओले झालेलो असतो.

शुक्रवार

टपालपेटीचा घोळ आज उलगडला. याची पत्रं भराभर येत होती, हेल्थ इन्शुरन्सचं फोटोवालं कार्ड, टॅक्सचा अकरा आकडी नंबर (तो जन्मभर एकच असतो म्हणे), बँकेचं कार्ड एक दिवशी आणि पिन दुसऱ्या दिवशी. आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र तर बरोब्बर, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. आमच्याकडे टीव्ही नाही. चालेल म्हणे, तरी द्या.

माझं एकही पत्र नाही. मी आपली रोज खाली जाऊन पेटी उघडून बघायची. मग आज पोस्टमन आणि मी एकाच वेळी दारात आलो, मी त्याला मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, त्याने बेलच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर फक्त याचं आडनाव. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच! रस्ता, बिल्डिंगचा नंबर, आणि पाटीवर तुमचं नाव, संपलं. नाव नाही तर तुम्ही तिथे राहत नाही, पत्र परत. बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीला आम्ही दोघांची नावं कळवली होती, करारावर दोघांच्या सह्या आहेत, तरी पाटी आली ती एकाच नावाची.

मी वर आले, कागद कापला, मार्करने मोठ्या अक्षरात माझं आडनाव लिहिलं आणि सेलोटेपने बेलवर आणि पेटीवर चिकटवलं. सरळ पण लागलं नाही. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला अगं मेल टाकू ना त्यांना, व्यवस्थित पाटी करून देतील. मेल टाक, म्हटलं, पण कागद राहणार. टॅक्स नंबरचं पत्र पुन्हा मागवलंय, त्याला आता आणखी काही आठवडे.

इन्शुरन्सला कमाई नसलेला जोडीदार दुसऱ्याच्या हप्त्यातच धरला जातो, वेगळा पैसा पडत नाही. चांगली सोय आहे, खरंच चांगली. पण फॉर्मवर माझं "उत्पन्न" या रकान्यात शून्य लिहिताना पेन जरा थांबलं. कॉलेज संपल्यापासून तिथे कधी शून्य लिहिलं नव्हतं.

शनिवार

भांडलो. कारण सांगायलाही लाज वाटेल इतकं फुटकळ. महिन्याचा पास, २०२५ मधला ५८ युरोचा, त्यात देशभरातल्या लोकल, बस, मेट्रो, साध्या रेल्वे सगळं येतं. याला ऑफिसकडून मिळाला. मी म्हटलं मला कशाला, मी कुठे जाते, लागलं तर सुटं तिकीट काढेन. तो म्हणाला बरं. बस्स, एवढंच, "बरं" म्हणाला. आणि मला वाटलं होतं तो म्हणेल की वेडी आहेस का, घे ना.

मग ते तिथून कुठेच्या कुठे गेलं. काल आल्या आल्या त्याने विचारलं होतं "काय केलंस दिवसभर?" ते मी काढलं. तो म्हणाला मी साधं विचारलं, मी म्हटलं साधं नव्हतं. तो म्हणाला मी दिवसभर मीटिंगमध्ये अर्ध्या गोष्टी न कळता मान हलवतो, सगळे माझ्यासाठी इंग्लिश बोलतात आणि जोक आला की जर्मनमध्ये जातात, घरी आलो की मला गप्प बसावंसं वाटतं. मी म्हटलं मी दिवसभर गप्पच असते, तू आलास की मला बोलावंसं वाटतं. हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याचं ते जोकचं मला माहीत नव्हतं. खरं तर इथे भांडण संपायला हवं होतं पण आम्ही आणखी तासभर ताणलं, सवयीने.

शेवटी ठरलं ते असं की आल्यावर अर्धा तास कुणीच काही बोलायचं नाही आणि मग जेवताना फोन लांब ठेवायचे. पास उद्याच घ्यायचा, पण एक तारखेपासून चालू होणारा, महिना जवळजवळ संपलाय.

रविवार

दुकानं बंद. हे आता पाठ झालंय, शनिवारी सगळं भरून ठेवायचं, अगदीच विसरलं तर मेन स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. रविवारी ड्रिलसुद्धा चालवायचं नाही, म्हणून पडद्याचा रॉड अजून भिंतीला टेकून उभा.

बोगद्यात गेलो, एल्ब नदीच्या खालून जाणाऱ्या जुन्या बोगद्यात. १९११ साली उघडला, गोदी कामगारांना पलीकडच्या जहाज कारखान्यांत जाता यावं म्हणून. ४२६ मीटर लांब, चालणाऱ्यांना फुकट, आणि खाली जायला अशा प्रचंड लिफ्ट की त्यात पूर्वी घोडागाड्या जायच्या. भिंतींवर मातीच्या चकचकीत पट्ट्यांमध्ये मासे, खेकडे, आणि एका ठिकाणी जुन्या बुटाभोवती उंदीर. मला तो बूट फार आवडला, शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की नदीच्या तळाशी बूट पण असतो, तो पण लावा. पलीकडे वर आलं की अख्खं शहर समोर दिसतं. नवरा फोटो काढत बसला, मी त्याला ऑफिसातले कोण कोण कसे बोलतात त्याची नक्कल करायला लावली. चांगली करतो. आधी का नाही केली?

गुरुवार

भाषेच्या कोर्सची टेस्ट दिली. अर्थातच अगदी पहिल्या पायरीवर. भाषेचे ६०० तास आणि मग देशाची ओळख करून देणारे १००, तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचा. सोमवारपासून सकाळी नऊ वाजता. वर्गात कोण कोण असेल कुणास ठाऊक, पण टेस्टच्या हॉलमध्ये माझ्यासारख्याच फोल्डर छातीशी धरलेल्या खूप बायका होत्या, आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघून हसत होतो, भाषाच नाही तर करणार काय.

येताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडून आमचं पार्सल घेतलं. इथे तुम्ही घरी नसलात की कुरिअरवाला शेजाऱ्याकडे ठेवून पेटीत चिठ्ठी टाकतो. संध्याकाळी पाचला त्या मला "मोइन" म्हणाल्या, हॅम्बुर्गमध्ये दिवसभर कधीही तेच म्हणतात, मी पण म्हटलं. मग त्यांनी मला जिन्यात उभं करून कागदाच्या कचऱ्याच्या डब्याबद्दल एक भाषण दिलं, खोकी फाडून चपटी करून टाकायची, उभी नाही टाकायची, बाकीच्यांना जागा राहत नाही. बहुतेक सगळं समजलं! हातवारे भरपूर होते म्हणा. शेवटी त्यांनी बेलवरच्या माझ्या वाकड्या कागदाकडे बोट करून माझं आडनाव वाचलं, चुकीचं, मी दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हटलं, जवळपास बरोबर.

आता सोमवारपासून सकाळची माझी कामं याच्याकडे. मी त्याला बसवून समजावलं, काळा डबा उरलेल्या कचऱ्याचा, हिरवा ओल्याचा, निळा कागदाचा, पिवळा प्लॅस्टिक आणि पत्र्याचा, काचेच्या बाटल्या यातल्या कशातच नाही, त्या कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या वेगवेगळ्या, आणि रविवारी अजिबात नाही, आवाज होतो. ज्या बाटल्यांवर पंचवीस सेंट परत मिळतात त्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये. रस्त्यात एखादी रिकामी झाली तर कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, शेजारी ठेवायची, गोळा करणाऱ्यांना हात घालावा लागू नये म्हणून.

तो म्हणाला थांब थांब, लिहून दे. आणि खोकी? त्याने विचारलं, खोकी उभी टाकली तर काय होतं?

म्हटलं दुसऱ्या मजल्यावर जाऊन विचार.