पबचं तळघर

लंडनमध्ये आर्किटेक्ट म्हणून काम करताना पबच्या जागी फ्लॅट करायची कामं वरचेवर येतात. त्या दिवशी दक्षिण लंडनमधला कोपऱ्यावरचा एक बंद पब मोजायचा होता. मालकाचा प्रस्ताव वरकरणी समजूतदार होता. तळमजल्यावर पब राहणार, वर चार फ्लॅट होणार आणि तळघरात त्यांच्या सायकली नि कचऱ्याचे डबे.

किल्ली घेऊन आलेल्या बाईंनी तो पब पूर्वी बरीच वर्षं चालवला होता. त्या मला आधी तळघरातच घेऊन गेल्या. फुटपाथमधलं लाकडी झाकण उघडून पिंपं खाली सोडायची. एल ही पारंपरिक इंग्लिश बियर पिंपातच मुरते, म्हणून 11 ते 13 अंशांचा गारवा लागतो. तिथून नळ्या थेट वरच्या काउंटरला. “इथं सायकली आल्या तर बियर कुठं ठेवायची?” त्यांनी विचारलं. मग वरचं बिऱ्हाड दाखवलं. तेव्हा पब ज्या कंपनीचा होता, ती सांगेल त्या भावानं तिच्याचकडून बियर घ्यायची, म्हणजे हातात थोडंच उरायचं. तेवढ्यात लंडनमध्ये वेगळं घर परवडणं शक्यच नव्हतं. वरचं घर होतं म्हणून खालचा पब चालला.

हे ऐकल्यावर तो नकाशा मला पटेना. पब ठेवतो म्हणायचं आणि तो ज्यावर चालतो ते सगळं काढून घ्यायचं! नंतर पब चालत नाही म्हणून तळमजल्याचेही फ्लॅट मागायला वाट मोकळी. 2001 मध्ये लंडनमध्ये 4,835 पब होते, 2016 मध्ये 3,615 उरले. धूम्रपानबंदी, सुपरमार्केटची स्वस्त बियर ही कारणं खरीच, पण जागेचा भाव चालता पबही गिळतो. लंडनच्याच मेडा व्हेल भागातला कार्लटन टॅव्हर्न हा पब 2015 मध्ये परवानगीविना पाडला गेला. कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि 2021 मध्ये तो उघडला.

घरं हवीतच, त्यावर माझं पोट आहे. पण संध्याकाळी मालकाला फोन करून लंडन प्लॅन या शहराच्या विकास आराखड्यातलं एचसी 7 हे धोरण वाचून दाखवलं: पबला जोडलेल्या जागा काढल्यानं तो चालवणं अवघड होणार असेल, तर अशा बदलाला विरोध व्हावा. ते चिडले. बरीच घासाघीस झाली. शेवटी वरच्या मजल्यावर दोन फ्लॅट, पहिल्या मजल्यावर पबचालकाचं घर आणि तळघर पबकडेच, असं ठरलं. अर्ज आता कौन्सिलकडे आहे.