पट्टीचं पोट

आमच्या घरातल्या वजनकाट्यावर मी क्वचितच उभा राहतो. त्याच्यावर उभी असते ती माझ्या डिंगीच्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीच्या, शिडातली बॅटन. शिडाची मागची कड आकारात राहावी म्हणून कापडाच्या खिशांत चपट्या पट्ट्या सरकवतात, त्यातली ही सगळ्यात वरची, शिडाच्या आरपार जाणारी. एक टोक काट्यावर टेकवायचं, दुसरं तळहाताने सरळ खाली दाबायचं. आकडा चढत जातो आणि मग पट्टी अचानक कमान टाकते. त्यानंतर कितीही रेटा, काटा जवळपास तिथेच. तो आकडा वहीत लिहायचा, आणि कमान सगळ्यात खोल असेल तिथे पेन्सिलची खूण करायची.

शिडाचं पोट कुठे सुटणार, ते ही खूण सांगते. पोट पुढे, डोलकाठीकडे हवं. मागे सरकलं की होडीला पुढे जाण्यापेक्षा कलण्यातच जास्त रस. म्हणून पट्टी पुढच्या टोकाला पातळ आणि मागे जाड लागते. कार्बनच्या पट्ट्यांत हे सगळं आयतं मिळतं, पण त्यांची किंमत ऐकली की आपली फायबरग्लासची पट्टी एकदम गुणी वाटू लागते.

फुकटातला उपाय आधी करून बघावा: खिशाची दोरी. ती आवळली की पोट वाढतं, सैल सोडली की उतरतं. (माणसांसाठी असं काही नाही.) तेवढ्याने भागलं नाही तरच पॉलिशपेपर, आणि तोही शर्यतीतल्या आपल्या होडीच्या वर्गाचे नियम वाचून, काही वर्गांत बॅटनला हात लावलेला चालत नाही.

घासताना मात्र हात आखडता हवा. जाडी 10 टक्के उतरली की ताठपणा 27 टक्क्यांनी जातो, कारण हिशोब जाडीच्या घनाचा. हे गणित मला शाळेपासून येत होतं. आठवलं ते पहिली पट्टी मेणासारखी मऊ झाल्यावर. पेपर ओला ठेवायचा, तोंडाला मास्क, हातात मोजे. तरी फायबरची कुसळं मनगटात शिरतातच. दिसत नाहीत, नुसती टोचत राहतात, आंघोळीनंतर तर जास्तच. चार हात मारायचे, पुसायचं, पुन्हा काटा.

ती बिघडलेली पट्टी टाकवली नाही. नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवून दिली. पुढे एका शर्यतीत वारा अगदीच मंदावला. अशा वेळी टॅक घेतला, म्हणजे होडीचं नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवलं, तरी ताठ पट्टी जुन्याच बाजूला फुगून बसते, आणि बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीला, हिसके देत तिची मनधरणी करावी लागते. शेजारच्या होडीत तेच चाललं होतं. माझी लाल ठिपकेवाली टप्‌कन पलटली, प्रत्येक टॅकला.

शेवटून तिसरा आलो, पण ते चुकीच्या मार्कला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, वळसा घातल्यामुळे.