गुलशन महल ते मटण स्ट्रीट: जुन्या पोस्टरांच्या वाटेवर

हिंदी सिनेमाची जुनी पोस्टरं विकत घ्यायची असोत की नुसती पाहायची असोत, मुंबईत आम्ही सुरुवात पेडर रोडच्या गुलशन महलपासूनच करतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथे आहे, सोमवारी बंद असतं. आधी इथे नजर तयार करावी, मग चोरबाजार गाठावा. उलट क्रमाने गेलं की बाजारातला पहिलाच झगझगीत कागद खरा वाटतो.

पोस्टरात काय पाहायचं? आधी रंग. पन्नाशीच्या दशकातले बहुतेक सिनेमे कृष्णधवल होते, चित्रकाराच्या हातात यायचे तेही कृष्णधवल फोटोच. म्हणजे ‘आवारा’सारख्या (1951) सिनेमाच्या पोस्टरवर दिसणारा प्रत्येक रंग चित्रकाराने ठरवलेला आहे. चेहऱ्याची एक बाजू लालभडक आणि दुसरी हिरवट निळी दिसली, तर तो प्रकाश नाही, ते त्या माणसाच्या मनातलं द्वंद्व आहे. शरीरभाषाही अशीच नेमकी. ‘बरसात’मध्ये (1949) नायकाच्या, म्हणजे राज कपूरच्या, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नायिका, ही मुद्रा इतकी बोलकी होती की पुढे तीच आर. के. फिल्म्सचं बोधचिन्ह झाली. ‘मदर इंडिया’तली (1957) नर्गिस नांगराचं ओझं अंगावर पेलते आणि सिनेमा न पाहिलेल्यालाही कथा कळते. सत्तरीत पोस्टर-चित्रकार दिवाकर करकरे यांनी ब्रशऐवजी चाकूने रंग थापले. त्या खडबडीत फटकाऱ्यांत नायकाचा संताप आहे. आमच्या मते हिंदी पोस्टरकलेतली सगळ्यात धाडसी झेप हीच.

आता चोरबाजारातली मटण स्ट्रीट. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. शुक्रवार टाळा, त्या दिवशी नेहमीची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. खिशात दहापट भिंग हवं.

भिंगाखाली जुन्या लिथोत, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, दगडाच्या दाण्यासारखा अनियमित पोत दिसतो. नंतर आलेल्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके फुलासारखे गोल मांडलेले असतात. म्हणून लिथोच्या काळातलं म्हणून विकलेल्या पोस्टरवर ही फुलं दिसली तर ते नंतरचं पुनर्मुद्रण समजा. छापील पोस्टरचाच फोटो काढून पुन्हा छापलं असेल, तर ठिपक्यांवर ठिपके चढून जाळीदार लहरी उमटतात. सगळ्यात सोपी खूण घडीची. पोस्टरं घडी घालूनच थिएटरांकडे जायची. घडीवर बोट फिरवा: कागद मोडलेला लागला तर घडी खरी, रेघ दिसते पण बोटाला सपाट लागते तर ती घडीसकट छापलेली नक्कल. मग कागद उलटा करा, खरी घडी मागूनही दिसते. खालच्या पट्टीत छापखान्याचं नाव शोधा, पण ही पट्टी बऱ्याचदा कापलेली असते, त्यामुळे नाव नाही एवढ्यावर पोस्टर नाकारू नका.

मागे चिकटपट्टी असेल तर भाव पाडून मागा. तिचा गोंद कागदात उतरून पुढे तपकिरी डाग आणतो, आणि ती घाईने ओढली की शाईचा थरच निघतो. लॅमिनेट केलेलं घेऊच नये, ते प्लास्टिक कागदाला इजा न करता सुटत नाही. घेतलेलं पोस्टर चित्र बाहेर ठेवून रुंद नळीवर सैल गुंडाळा, वरून आम्लरहित कागद लावा. पावसाळ्यात नेणार असाल तर टोकं प्लास्टिकने बंद करा, पण घरी पोचताच उघडा, नाहीतर आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी धरते.